बत्तीस किलोंचे खोटे

मित्रांनो, दुकानात साखर आणि धान्य तोलणारे काटे तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला नाही. मी जनावरांचा काटा आहे. जुना, लोखंडी, एका गोठ्याच्या दाराशी जमिनीत अर्धा पुरलेला. माझ्यावर गाय उभी राहते आणि माणसे माझ्या दांडीवरचा आकडा वाचतात. तो आकडा एकदा वर्षाहून अधिक काळ चुकत राहिला. काय झाले ते सांगताना मला आजही मान वर करवत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. जाड भिंगाचा चष्मा लावणारा एक कारागीर तिथे होता. त्याने माझ्या पोटात चार तरफा बसवल्या, वर लोखंडी पाट टाकला आणि बाजूला आकडे कोरलेली पितळी दांडी लावली. मग वीस-वीस किलोंची वजने माझ्यावर ठेवून, काढून, पुन्हा ठेवून त्याने सबंध दिवस घालवला. दांडीच्या शेपटाकडे एक छोटा स्क्रू असतो. काटा रिकामा असताना दांडी शून्यावर तरंगावी म्हणून तो फिरवायचा असतो. कारागिराने तो केसभर इकडे, केसभर तिकडे असा फिरवला आणि मगच जेवायला गेला.

तिथून मी या गोठ्यावर आलो. गोठा दोन भावांचा होता, पण चालवत होत्या त्यांच्या बायका. भाऊ सकाळीच दुधाची गाडी घेऊन बाहेर पडत आणि दुपार टळल्यावर परत येत. दोघी जावांना सगळे थोरली आणि धाकटी एवढेच म्हणत. थोरली उंच, बोलायला रोखठोक, कामाला वाघ. तिने हाक मारली की गायीसुद्धा वळून बघायच्या. धाकटी बारक्या अंगाची आणि कमी बोलणारी. जनावराजवळ गेली की ती आधी त्याच्या अंगावरून हात फिरवायची.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कालवडींचे वजन व्हायचे. कालवड म्हणजे अजून एकदाही न व्यालेली तरुण गाय. एकेक कालवड माझ्यावर चढायची, थोरली खटका काढायची, दांडीवरचे सरकते वजन पुढे-मागे करायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. धाकटी तो भिंतीवरच्या तक्त्यात लिहायची. वजन झाले की थोरली खटका लावून दांडी अडकवून टाकायची, म्हणजे येता-जाता धक्का लागून ती झिजत नसे. तक्त्याच्या वर गोठ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रंगाने एक ओळ लिहून ठेवली होती : दोनशे साठ किलो झाल्याशिवाय कालवड भरवू नये, म्हणजे तिचे रेतन करू नये.

धाकटी लग्न होऊन नवीनच आली होती, तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना विचारले होते, "वय बघायचं सोडून वजन का बघायचं?"

"कारण तिचं शरीर वाढदिवस मोजत नाही," डॉक्टरीणबाई हात धुताधुता म्हणाल्या. "अंगावर थोडं मांस, थोडी चरबी साठली, की ती चरबी रक्तातून मेंदूला निरोप धाडते, की घरात शिधा भरलाय, आता हरकत नाही. मग मेंदू हार्मोनचे इशारे सोडायला लागतो. आधी कधीतरी एखादा, मग तासातासाला एक. इशारे असे भराभर आले की तिच्या अंडाशयातलं बीज पिकतं आणि सुटतं. तेव्हाच ती खरी माजावर येते, आणि तेव्हाच तिला वासरू राहू शकतं."

"आणि अंगावर काही नसलं तर?"

"तर इशारे रेंगाळतात. बीज थोडं वाढतं, वाट बघतं आणि तिथंच विरून जातं."

"म्हणजे ती अडून बसलेली असते."

"अडून नाही. शहाणी असते. स्वतःचंच पोट भरत नसताना दुसरा जीव कशाला वाढवायचा?"

धाकटीने ते मनात ठेवले. मीही ठेवले. त्या दिवसापासून मी किती महत्त्वाचे काम करतो हे मला कळले आणि मला त्याचा अभिमान वाटू लागला. थोरली पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "माणूस कौतुकापोटी जास्त सांगेल, भीतीपोटी कमी सांगेल. हा जे आहे तेच सांगतो." असे ऐकले की माझ्या गंजलेल्या सांध्यांतसुद्धा तेल पडल्यासारखे वाटायचे.

एका सकाळी माझ्या ओल्या पाटावरून एक कालवड घसरली आणि तिचा गुडघा सोलवटला. थोरलीला फार वाईट वाटले. तिने त्याच दिवशी दूध काढायच्या जागेतली एक जाड रबरी मॅट आणली, मापात कापली आणि चार बोल्टांनी माझ्यावर घट्ट बसवली. काम मायेचेच होते. पण ती मॅट पंचवीस किलोंची होती, आणि शेपटाकडचा स्क्रू फिरवायचे कुणाच्याच लक्षात आले नाही. मी रिकामा असताना माझी दांडी खटक्यात अडकलेली असायची. त्यामुळे माझे शून्य गेले आहे हे कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

मला मात्र माहीत होते. मॅट बसल्यावर जी पहिली कालवड चढली ती कपाळावर पांढरे ठिपके असलेली होती. तिला सगळे ठिपकी म्हणत. थोरलीने आकडा वाचला आणि ती खुलली.

"बघ गं, महिन्यात चौतीस किलो वाढली ही."

ठिपकी खरी नऊ किलो वाढली होती. पण थोरलीचा तो खुललेला चेहरा पाहून मला बरे वाटले. मित्रांनो, माझी लाज इथून सुरू होते. काट्याला तोंड नसते, हे मला मान्य आहे. मी ओरडून सांगू शकलो नसतो. पण खोट्या कौतुकाने मला वाईट वाटायला हवे होते, आणि मला वाईट वाटले नाही.

पुढच्या महिन्यांत मॅटखाली ओले शेण शिरून साचत गेले, सुकले, पुन्हा साचले. पंचविसाचे बत्तीस किलो झाले. प्रत्येक कालवडीच्या अंगावर मी न दिसणारे बत्तीस किलो चढवत होतो.

नेमका त्या वर्षी चारा वाईट आला. जून झालेला, काडीसारखा, गायींनी चघळून टाकून द्यावा असा. पेंड मोजकीच होती. थोरलीने तक्त्याकडे पाहिले आणि ठरवून टाकले. "कालवडी झकास वाढतायत. त्यांची पेंड कमी कर, दुभत्यांना घाल."

धाकटी ठिपकीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "ताई, हिच्या शेपटीच्या मुळाशी बोट बुडतंय. बरगड्या हाताला लागतात."

"काटा काय म्हणतो?"

"दोनशे एक्केचाळीस."

"मग तुझी बोटं खरी की काटा खरा?"

धाकटीने पेंडीचे घमेले उचलले आणि दुभत्या गायींकडे गेली. कालवडी दाव्याला ताण देऊन तिच्याकडे बघत राहिल्या. मी जमिनीतून ते सगळे पाहत होतो.

वसंत सरला तोवर पाच कालवडींनी माझ्या दांडीवर दोनशे साठचा आकडा ओलांडला. वयही दीड वर्षाच्या पुढे गेले होते. पण एकीलाही माज येईना. ना हंबरणे, ना एकमेकींवर चढणे. पाचही जणी दिवसभर खाली मान घालून निकस चारा चिवडत बसायच्या. थोरलीने डॉक्टरीणबाईंना बोलावले.

डॉक्टरीणबाईंनी लांब हातमोजा चढवून एकेकीला आतून तपासले. बराच वेळ त्या डोळे मिटून हाताने चाचपत होत्या. "अंडाशय बारीक आहेत आणि गुळगुळीत," त्या म्हणाल्या. "बीज सुटून गेलं की मागे एक पिवळी गाठ राहते. ती बोटाला लागायला हवी. पाचपैकी एकीतही नाही." मग त्यांनी विचारले, "वजन किती आहे?"

थोरलीने तक्ता दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तक्त्याकडे पाहिले, ठिपकीकडे पाहिले, पुन्हा तक्त्याकडे पाहिले.

"दिसत नाही तेवढं," त्या हळूच म्हणाल्या.

"अहो, हाडं बारीक आहेत या जातीची. वजन बसतंय, वय बसतंय. आता तुम्ही हार्मोनचं काय ते द्या."

धाकटीने तोंड उघडले होते. थोरलीने तिच्याकडे नुसते पाहिले आणि तिने ते मिटले. डॉक्टरीणबाईंचा फोन दोनदा वाजून गेला होता, दुसऱ्या एका गोठ्यावर गाय अडली होती. ठिपकीला दहा पावले चालवून माझ्यावर उभी करायला किती वेळ लागला असता? आणि केली असती तरी मी काय सांगणार होतो? तेच खोटे पुन्हा सांगितले असते.

औषधाचा कोर्स आठवड्याहून थोडा जास्त चालला. शेवटच्या इंजेक्शनानंतर चार कालवडी माजावर आल्या. एकमेकींवर चढू लागल्या, हंबरू लागल्या. थोरलीचे पाय जमिनीवर ठरेनात. चौघींचे रेतन झाले. दोन महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा तिघी रिकाम्या निघाल्या.

"वरवरचा माज औषधाने आणला," डॉक्टरीणबाई कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "पण आत बीज सुटलंच नाही. मला हे कोडं उलगडत नाहीये, वहिनी. त्यांचा खुराक वाढवा आणि थांबा. पुन्हा इंजेक्शन नको."

चौथी होती ठिपकी. तिचे बीज सुटले होते. ती गाभण होती.

थोरलीने त्या एकीचाच आनंद मानला. बाकीच्यांना थोडी पेंड मिळू लागली आणि चार-पाच महिन्यांनी त्या आपल्या आपण, कुठल्याही औषधाशिवाय माजावर आल्या. आता कशा आल्या, असे त्या वेळी कुणी विचारले असते तर बरे झाले असते. कामाच्या रगाड्यात ते राहून गेले. ठिपकीला मात्र थांबायला उसंत नव्हती. ती खाईल ते पोटातल्या वासराकडे जात होते. तिचे पोट मोठे झाले, ती स्वतः मोठी झाली नाही. दर महिन्याला ती माझ्यावर चढायची, मी भरघोस आकडा सांगायचो आणि थोरली म्हणायची, "छान चाललंय."

ठिपकीचे दिवस भरले ते एका लख्ख सकाळी. दहाच्या सुमाराला ती आडवी झाली आणि कण्हू लागली. वासराचे पाय दिसले, पण पुढे काही सरकेना. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दोरी बांधली, थोरली आणि धाकटी दोघींनी ती धरली. कळ आली की ओढायचे, कळ गेली की थांबायचे. असे दोन तास चालले. ठिपकीचे डोळे पांढरे झाले होते. शेवटी वासरू बाहेर आले तेव्हा ते हलत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी त्याचे नाक-तोंड पुसले, छाती चोळली, मागचे पाय धरून उलटे केले. मग त्यांनी ते खाली पेंढ्यावर ठेवले. कालवडच होती ती, ओली, कपाळावर आईसारखेच पांढरे ठिपके असलेली.

ठिपकीने मान वळवून तिला चाटायचा प्रयत्न केला. उठायचा प्रयत्न केला. मागचे पाय तिला उचलेनात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वासरू खूप मोठं असणार. नोंद करायला हवी. वजन घेऊ." त्यांनी ते दोन्ही हातांवर उचलले, गोठ्याच्या दाराशी चालत आल्या आणि माझ्यावर ठेवले. थोरलीने खटका काढला.

"छप्पन्न," ती म्हणाली.

"पुन्हा बघा."

"छप्पन्नच आहे."

डॉक्टरीणबाई स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. "वहिनी, मी हिला एकटीने उचलून आणलं. छप्पन्न किलो माझ्याने हलणारसुद्धा नाही."

धाकटी पुढे झाली. तिने वासरू माझ्यावरून उचलून कडेला पोत्यावर ठेवले. थोरलीचा हात सवयीने खटक्याकडे गेला. धाकटीने तो धरला.

"लावू नका, ताई. असंच बघू."

माझ्या पाटावर काहीही नव्हते. थोरलीने सरकते वजन शून्यावर नेले. दांडी टणकन वर उडाली आणि तशीच राहिली. थोरली वजन एकेक खाच पुढे सरकवत गेली. दहा. वीस. तीस. बत्तिसावर दांडी खाली आली आणि तरंगू लागली.

मित्रांनो, त्या क्षणी तिघीजणी माझ्याकडे बघत होत्या. आयुष्यभर माणसे माझ्याकडे बघत आली, पण जमिनीत आणखी खोल जावे असे मला तेव्हाच वाटले.

थोरलीने पाना आणून चारही बोल्ट काढले. मॅट उचलली तेव्हा खाली शेणाचा सुकलेला थर निघाला, भाकरीएवढाल्या तुकड्यांचा.

"चोवीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वासरू चोवीस किलोंचं होतं. वासरू मोठं नव्हतं. आई लहान होती."

थोरली माझ्या पाटाच्या काठावर बसली. इतकी वर्षे मी तिला उभी किंवा चालतानाच पाहिली होती. "मॅट मी बसवली," ती म्हणाली. मग धाकटीकडे न बघता म्हणाली, "तू सांगत होतीस."

"एकदाच सांगितलं, ताई. परत सांगायचा धीर झाला नाही."

"झाला असता तरी मी ऐकलं नसतं."

डॉक्टरीणबाई बादलीत हात घालून उभ्या होत्या, धुवायचे विसरून. "मला हाताला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तिचं अंडाशय सांगत होतं की अजून नको. मी भिंतीवरचा कागद मानला, आणि तिचं शरीर नको म्हणत असताना औषधाने तिच्याकडून हो म्हणवून घेतलं."

तिघी आपापला वाटा उचलत होत्या. माझा वाटा कुणी मला दिला नाही. लोखंडाला कोण बोल लावणार? पण बोल न लागल्याने लाज कमी होत नाही, हे मी त्या दुपारी शिकलो.

पुढचे पाच दिवस थोरलीने ठिपकीला सोडले नाही. दर दोन-तीन तासांनी दोघी जावा मिळून तिची कूस बदलायच्या, पाय चोळायच्या, पाणी तोंडाशी धरायच्या. मधल्या वेळात थोरली नुसती जवळ बसून चोळत राहायची. सहाव्या दिवशी ठिपकी उठली. उजवा मागचा पाय ती ओढत होती, आणि तो तसाच राहिला.

ठिपकी उठली त्याच दिवशी थोरलीने भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि धाकटीसमोर बसून प्रत्येक कालवडीच्या शेवटच्या आकड्यातून बत्तीस वजा केले. पुढच्या सात कालवडींनाही माज येत नव्हता, म्हणून थोरलीच्या आग्रहावरून त्यांना येत्या आठवड्यात हार्मोनचा कोर्स द्यायचे ठरले होते. वजाबाकी झाल्यावर त्यांच्यातली एकही दोनशे साठपर्यंत पोचत नव्हती. कोर्स रद्द झाला. पेंडीचे घमेले आधी कालवडींकडे जाऊ लागले. किती घालायचे ते धाकटी हाताने चाचपून ठरवायची आणि थोरली तिला ते ठरवू द्यायची.

साडेचार महिन्यांनी त्या सातजणींतली पहिली आपणहून माजावर आली. मग दुसरी, मग एका आठवड्यात तिघी. डॉक्टरीणबाईंनी पहिलीला तपासले आणि डोळे उघडले. "लागली. पिवळी गाठ आहे. बीज सुटलंय." त्या हे अगदी हळू बोलल्या. थोरलीने ऐकले आणि ती पाण्याचा नळ बंद करायला निघून गेली. नळ बंदच होता.

आता माझ्यावर नवी मॅट आहे. ती बसवली त्याच दिवशी स्क्रूही फिरवला. वजनाच्या दर सोमवारी पहिली कालवड आणायच्या आधी थोरली खटका काढते आणि मी रिकामा असताना दांडीकडे बघते. मॅट उचलून खालचे शेण खरवडते. पाहुणे आले तर ती माझे कौतुक सांगत नाही. "वर्षभर हा बत्तीस किलो जास्त सांगत होता," ती म्हणते, "आणि मी आनंदाने ऐकत होते." ती हे कुणापासून लपवत नाही. दर वेळी ते ऐकताना मला त्या दुपारसारखीच लाज वाटते.

भावांनी एकदा विचारले होते की ही लंगडी आता व्यायची नाही, तर ठेवायची कशाला. थोरली म्हणाली, "ती इथंच राहील," आणि तो विषय संपला.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. ज्याच्या शब्दावर तुम्ही भरवसा ठेवता, त्याला अधूनमधून रिकामा करून तपासा. मग तो काटा असो, कागद असो, की आपलेच मत असो. आणि ज्याला बोलता येत नाही अशा जिवाच्या अंगावरून आधी हात फिरवा. तो हाताला जे सांगतो ते आकड्याशी जुळले नाही, तर दोघांपैकी कोण चुकते आहे हे शोधेपर्यंत पुढे जाऊ नका.

गेल्या सोमवारी सगळ्या कालवडी झाल्यावर थोरलीने ठिपकीलाही आणले. कशासाठी ते तिने सांगितले नाही. ठिपकी पाय ओढत आली, माझ्या कडेशी थांबली, वास घेतला आणि चढली. थोरलीने वजन सरकवले. मी तीनशे अकरा दाखवले. धाकटीने ते लिहून घेतले. ठिपकी उतरून गेल्यावर थोरलीने दांडी पुन्हा तपासली. ती शून्यावर होती.

आकडा खरा होता. पण ठिपकीला आता त्याचा काही उपयोग नव्हता.